गॉलला निघताय? शिक्का मुंबईत नको, कोचीत घ्या

गणपती झाले की आमच्याकडे फोन सुरू होतात: "श्रीलंकेला निघायचंय, इमिग्रेशनचा शिक्का मुंबईतच मारून द्या, म्हणजे कटकट मिटली." दरवर्षी तोंडी समजावतो, यंदा लिहूनच देतो आहोत. बोट भारतात नोंदलेली आहे असं धरून हे वाचा.

बाहेर जाण्याचा शिक्का बसला की कागदोपत्री तुम्ही देश सोडलात. मग मुरगावला नांगर टाकून सहज पणजीत उतरलो, असं चालत नाही. आणि मुंबई ते गॉल (श्रीलंकेच्या दक्षिण टोकाचं बंदर) हे सुमारे ९०० सागरी मैल शिडाची बोट एका दमात क्वचितच कापते. वाटेत पाणी, डिझेल, काहीतरी लागतंच.

आमच्या एका ग्राहकाने हट्टाने मुंबईत शिक्का घेतला. वेंगुर्ल्याच्या पुढे इंजिन धापा टाकायला लागलं. डिझेलचा फिल्टर उघडला तर आत तपकिरी, चिकट गाळ. नवा फिल्टर किनाऱ्यावर मिळाला असता, पण उतरणार कसं? त्यातच एक मित्र गोव्याहून घरी परतणार होता आणि क्रू लिस्टवर, म्हणजे बोटीवरच्या माणसांच्या अधिकृत यादीत, त्याचं नाव थेट गॉलपर्यंत. खुलासे देण्यात चार दिवस गेले. बोट नांगरावर, आणि उत्तरेचा चांगला वारा फुकट.

म्हणून आम्ही कोचीपर्यंतचा प्रवास देशांतर्गतच ठेवतो. बोलगट्टी बेटावरच्या मरिनात पाणी-डिझेल भरा, ज्याला उतरायचंय त्याला उतरवा, मग क्रू लिस्ट पक्की करून तिथूनच कस्टम्स आणि इमिग्रेशन. कस्टम्स कायदा १९६२, कलम ४२ प्रमाणे लेखी आदेशाशिवाय परदेशी निघालेली बोट बंदर सोडू शकत नाही, आणि शेवटच्या बंदराने निघायला परवानगी दिल्याचा कागद गॉललाही मागतात.

आमचा माणूस यासाठी कोचीला जातो. त्याचं भाडं बिलात दिसलं की काहीजण कुरकुर करतात. पण तो प्रत्येक नाव पासपोर्टशी अक्षरन् अक्षर ताडून बघतो, आणि आजवर त्याने केलेली फाइल परत आलेली नाही.

बाकी थोडक्यात. नोव्हेंबर ते मार्च हाच हंगाम. परवान्याशिवाय सॅटेलाइट फोन बोटीवर ठेवू नका, तो गुन्हा आहे. परमिट नसेल तर लक्षद्वीपला थांबू नका. रात्री किनाऱ्यालगत मच्छीमारांची जाळी असतात, बाहेरून जा. तटरक्षक दलाचा नंबर १५५४. गॉलला पिवळा बावटा (तपासणी आणि प्रवेशाची परवानगी मागण्याची खूण) लावूनच शिरायचं. तिथे एजंट लागतोच, तो आम्ही ठरवून देतो.

निघण्याआधी किमान तीन आठवडे बोटीची नोंदणी आणि सगळ्यांचे पासपोर्ट घेऊन या. बोट तेव्हा पाण्याबाहेर असेल तर डिझेलची टाकीही आमच्याकडेच धुऊन घ्या, एका दिवसाचं काम आहे; फिल्टरमधला तो गाळ टाकीतूनच येतो.