ल्युपस, पोरीची किडनी आणि स्टिरॉइड: हे सगळं आलं कुठून

भाची तासगावची, 13 वर्षांची. गालांवर लाल चट्टे उठले तर सगळे म्हणाले द्राक्षबागेत उन्हातान्हात फिरते म्हणून, मग सकाळी डोळे सुजायला लागले, लघवीला फेस, मिरजेला नेलं तेव्हा कळलं ल्युपस आहे, म्हणजे आपलीच प्रतिकारशक्ती आपल्याच शरीरावर उलटते तो आजार, आणि किडनीपर्यंत पोचलाय. मोठ्यांपेक्षा लहान वयात तो किडनी जास्त धरतो म्हणे. घरात पहिला वाद स्टिरॉइडवरून. "एवढ्याशा पोरीला असलं औषध कशाला गं?" इति आजी.

तर मागचं सांगते. 1948 ला अमेरिकेत मेयो क्लिनिकमधे हारग्रेव्हज नावाच्या डॉक्टरांना आणि सहकाऱ्यांना ल्युपसच्या पेशंटच्या बोनमॅरोत एक वेगळीच पेशी दिसली, एलई सेल, म्हणजे ल्युपसची खूण. पुढच्याच वर्षी तिथल्याच डॉक्टर हेंचनी कॉर्टिसोन, म्हणजे स्टिरॉइडच, संधिवातावर चालतं हे दाखवलं, 1950 चं नोबेलही मिळालं, आणि तेच औषध ल्युपसवर आलं. त्याआधी किडनी धरली की पोरं क्वचितच वाचायची. म्हणजे आजी ज्याला घाबरते त्यानंच पहिल्यांदा जीव वाचवले.

पण त्याची किंमतही दिसायला लागली, चेहरा गोल, हाडं ठिसूळ, उंची खुंटते, आणि त्यानंतरचा बराचसा इतिहास म्हणजे स्टिरॉइड कमी कसं करायचं याचाच. 1986 ला सायक्लोफॉस्फमाइड या प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या औषधाच्या इंजेक्शनांनी किडनी जास्त टिकते असं दिसलं, पण त्यानं पुढे मूल होण्यावर परिणाम होऊ शकतो, मुलीच्या आईला हे ऐकवताना डॉक्टरही अडखळले. 2000 ला हाँगकाँगमधून त्याला मायकोफेनोलेट या औषधाचा पर्याय आला. बायोप्सीत, म्हणजे किडनीचा छोटा तुकडा काढून तपासतात त्यात, किडनीच्या ल्युपसचे सहा क्लास ठरवतात, ते 2003 चे, आमचा चौथा, म्हणजे जोरातला. यातलं बरंचसं आधी मोठ्यांवर तपासलं, पोरांचा डोस वजन-उंची बघून. मुलांसाठी बेलिमुमॅब या ल्युपसच्या नव्या औषधाला अमेरिकेत 2019 ला मंजुरी मिळाली, किडनीच्या ल्युपससाठी 2022 ला, पण ते महाग, आमच्यापर्यंत विषय आलाच नाही.

हायड्रॉक्सिक्लोरोक्विन ही मूळची मलेरियाची साधी गोळी मात्र रोज चालूच असते, 2020 ला कोरोनात तीच मेडिकलमधे मिळेना झाली होती, आठवतंय ना?

मधे भाचीनं स्टिरॉइड गुपचूप बेसिनमधे टाकायला सुरुवात केली, शाळेत "फुगा" म्हणायचे म्हणून. लघवीत प्रोटीन परत वाढलं तेव्हा पकडली. आता तिची आई समोर बसून गोळी गिळवते. 40 वरून 5 मिलीग्रॅमवर आलीय, चेहऱ्याची सूज उतरलीय, आणि आजी म्हणतेय, "किती बारीक झाली पोरगी."