नवजात बाळाचे थायरॉइड आणि तज्ज्ञ संस्थेने ठरवून दिलेले आकडे

जन्मतःच थायरॉइडची उणीव असलेले बाळ पहिल्या दिवसांत बहुधा इतर बाळांसारखेच दिसते, कारण गर्भात असताना आईचे थायरॉक्सिन, म्हणजे गळ्यातील थायरॉइड ग्रंथीचे संप्रेरक, वारेतून थोडेफार त्याच्यापर्यंत पोहोचलेले असते. लांबलेली कावीळ, बद्धकोष्ठता, सुस्ती, घोगरे रडणे, जाडसर जीभ ही लक्षणे हळूहळू उमटतात, आणि तोवर घरची माणसे बाळाच्या शांतपणाचे कौतुकही करीत असतात. मेंदूची वाढ मात्र याच काळात अतिशय वेगाने चाललेली असते व तिला हे संप्रेरक लागते. उपचाराला काही महिन्यांचा उशीर झाला तर बुद्धीचे झालेले नुकसान पुढे औषधाने भरून निघत नाही. म्हणून निदानासाठी लक्षणांची वाट पाहणे परवडणारे नसते. त्यासाठी रक्तच तपासावे लागते.

भारतात साधारणपणे हजार-बाराशे जन्मांमागे एका बाळात हा दोष आढळतो. थायरॉक्सिन बनायला आयोडिन लागते; पण मासे खाणाऱ्या, समुद्राकाठच्या गोव्यात त्याची चिंता कशाला, असे कोणाला वाटेल. परंतु मिठागरातल्या साध्या खड्याच्या मिठात आयोडिन नगण्य असते, आणि गरोदर स्त्रीला तर ते दिवसाला 250 मायक्रोग्रॅम लागते. तरीही जन्मजात उणिवेचे कारण बहुतेक वेळा आहारात नसते. ग्रंथी मुळातच तयार झालेली नसते, लहान राहिलेली असते किंवा गळ्यात उतरण्याऐवजी जिभेच्या मुळाशी अडकलेली असते. त्यात आईचा काहीही दोष नसतो, आणि हे तिला स्पष्ट शब्दांत सांगितले गेले पाहिजे.

रक्त घ्यायचे, पण केव्हा, आणि किती आकड्याला घाबरायचे? बालसंप्रेरकतज्ज्ञांच्या, म्हणजे मुलांच्या संप्रेरकांचे विकार पाहणाऱ्या डॉक्टरांच्या, संस्थेचे काम मला सर्वांत मोलाचे वाटते ते इथे. टीएसएच हे थायरॉइड ग्रंथीला कामाला लावणारे संप्रेरक; ग्रंथी कमी पडली की ते वाढते. पण जन्मानंतर बाळाच्या रक्तातील टीएसएच एकदम उसळते व एक-दोन दिवसांत खाली येते. फार लवकर घेतलेला नमुना निरोगी बाळालाही आजारी ठरवतो. दुसरीकडे, बाळंतीण लवकर घरी गेली तर नमुना राहूनच जातो. ‘इंडियन सोसायटी फॉर पिडियाट्रिक अँड ॲडोलेसंट एंडोक्रायनॉलॉजी’ या संस्थेने 2018 साली प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक सूचनांत या अडचणीचा विचार केलेला आहे. प्रत्येक नवजात बाळाची चाचणी व्हावी, त्यासाठी नाळेतील (ही उसळी येण्याआधीचे) रक्त किंवा जन्मानंतर घेतलेले रक्त वापरावे, आणि 48 तासांनंतरच्या नमुन्यात टीएसएच लिटरमागे 20 मिलीयुनिटच्या वर असल्यास बाळाला पुन्हा बोलवावे, असे त्या सांगतात. 24 ते 48 तासांमधील नमुन्यासाठी हीच मर्यादा 34 धरली आहे. आकडा 40 च्या वर गेला तर मात्र थांबायचे नाही. शिरेतले रक्त घेऊन लगेच खात्री करायची. अपुऱ्या दिवसांच्या व कमी वजनाच्या बाळांसाठी 48 ते 72 तासांची वेळ सांगितली आहे.

गोव्यात जवळपास सगळी बाळंतपणे इस्पितळात होतात, ही आपली मोठी जमेची बाजू. 2008 साली राज्याने नवजात बालकांच्या रक्तचाचणीचा कार्यक्रम हाती घेतला, तेव्हा असे पाऊल उचलणाऱ्या देशातील अगदी पहिल्या राज्यांत गोव्याची गणना झाली. बालसंप्रेरकतज्ज्ञ प्रत्येक तालुक्यात असणे शक्य नाही. पण वाळपई किंवा काणकोणच्या डॉक्टरांसमोर सर्वमान्य, लिखित आकडे असले, तर बांबोळीला गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या इस्पितळात (गोमेकॉत) कोणत्या बाळाला आजच पाठवायचे आणि कोणाची चाचणी आठवड्याने पुन्हा करायची, हे त्यांना ठरवता येते. संस्थेला कायद्याचा अधिकार नसतो. चाचणी सक्तीची करणे, अहवाल वेळेत पोहोचवणे आणि पत्ता बदललेल्या, कामानिमित्त परप्रांतांतून आलेल्या कुटुंबाला शोधून काढणे ही जबाबदारी सरकारची आहे, आणि ती टाळता येणार नाही.

उपचार त्यामानाने सोपा व स्वस्त आहे. थायरॉक्सिनची गोळी, बाळाच्या दर किलो वजनामागे दिवसाला 10 ते 15 मायक्रोग्रॅम, बारीक करून आईच्या दुधात किंवा पाण्यात कालवून चमच्याने द्यायची. लोह वा कॅल्शियमच्या औषधाबरोबर द्यायची नाही, कारण मग ती नीट शोषली जात नाही. पहिल्या दोन आठवड्यांत ती सुरू झाली तर बहुतेक मुलांची बौद्धिक वाढ इतर मुलांसारखीच होते. बाळ चांगले दिसते म्हणून गोळी मनाने बंद करू नये. काही मुलांमधील उणीव तात्पुरती असते; परंतु ते तपासण्यासाठी गोळी थांबवून पाहायची ती तीन वर्षांनंतर, आणि तीही डॉक्टरांच्याच देखरेखीखाली.