झ्यो द’ओ

झ्यो द’ओ : फ्रेंच संगीतकार मोरिस राव्हेल (१८७५–१९३७) यांची पियानो एकल रचना. नावाचा अर्थ ‘पाण्याचे खेळ’. फ्रेंचमध्ये कारंज्यांनाही असेच म्हणतात. राव्हेल यांनी ती १९०१ मध्ये, वयाच्या सव्विसाव्या वर्षी लिहिली आणि आपले गुरू गाब्रिएल फोरे यांना अर्पण केली. रिकार्दो विन्येस यांनी ५ एप्रिल १९०२ रोजी पॅरिसमध्ये ती प्रथम वाजवली. वादनाला पाच-सहा मिनिटे लागतात.

स्वरलिपीच्या माथ्यावर कवी आंरी द रेन्ये यांची एक ओळ आहे : पाणी गुदगुल्या करते म्हणून हसणारा नदीदेव. रचनेचा सगळा स्वभाव या ओळीत आला आहे. इथे समुद्राची गाज नाही की पावसाची उदासी नाही. उसळणारे, फुटणारे, उन्हात चमकणारे पाणी आहे. उजवा हात सुरुवातीपासूनच वरच्या सप्तकांत सुटे सुटे स्वर झरझर उधळत राहतो. पेडल दाबलेले असल्याने तारांचा नाद विझत नाही, एका स्वरात दुसरा मिसळतो आणि थेंबांची धार होते.

फ्रांझ लिस्ट यांनी १८७७ मध्ये इटलीतील व्हिला देस्ते येथील कारंज्यांवर पियानोरचना केली होती. राव्हेल यांच्या रचनेचे मूळ तिच्यात आहे. मात्र त्यांची स्वरसंगती अगदी नवी आहे. एके ठिकाणी दोन परस्परविरोधी स्वरसंघात (एकत्र वाजणाऱ्या स्वरांचे पुंजके, म्हणजे कॉर्ड) एकाच वेळी एकमेकांवर आदळतात. कळस गाठताना काळ्या पट्ट्यांवरून हात सर्रकन खाली घसरतो आणि पियानोची अगदी डावीकडची, सर्वांत खर्जातली पट्टी घुमते.

ऐकताना हे सारे मोकाट वाहते आहे असे वाटते, पण तसे नाही. मांडणी सोनाटाच्या (अनेक भागांच्या पाश्चात्त्य वाद्यरचनेच्या) पहिल्या भागासारखी दोन विषयांवर उभी आहे, असे राव्हेल यांनीच नोंदवले आहे. फक्त कोणता विषय कोणत्या आधारस्वरावर मांडायचा याची जुनी बंधने त्यांनी पाळली नाहीत. दुसरा विषय पाचच स्वरांचा, आपल्या परिभाषेत औडव आहे. शेवटही लक्ष देऊन ऐकावा असा आहे. आपल्या कानाला शुद्ध निषाद षड्जावर विसावायची सवय. इथे तो षड्जाशेजारीच तरंगत राहतो आणि तरीही काही अपुरे राहिल्यासारखे वाटत नाही.

ज्येष्ठ संगीतकार कामीय सॅं-साँस यांना ही रचना निव्वळ कोलाहल वाटली. पियानोवरील दृक्प्रत्ययवादी (इम्प्रेशनिस्ट, म्हणजे क्षणिक छटा आणि भास टिपणाऱ्या) शैलीचे श्रेय पुढे बहुतांशी क्लोद दब्यूसी यांना मिळाले. ते राव्हेल यांना खटकले आणि १९०६ मध्ये समीक्षक प्येर लालो यांना पत्र लिहून त्यांनी ‘झ्यो द’ओ’च्या काळाकडे लक्ष वेधले. त्यांचे म्हणणे रास्त होते : दब्यूसी यांची ‘पाण्यातील प्रतिबिंबे’ ही प्रसिद्ध पियानोरचना १९०५ ची आहे.