लिव्ह अँड लेट डाय (गीत)

पॉल मॅकार्टनी आणि त्यांच्या पत्नी लिंडा मॅकार्टनी यांनी याच नावाच्या जेम्स बाँडपटासाठी रचलेले आणि त्यांच्या ‘विंग्ज’ या बँडने १९७३ मध्ये सादर केलेले रॉक गीत. बाँडपटाचे शीर्षकगीत रॉक संगीतात बांधण्याची ही पहिलीच वेळ. त्याआधीच्या सलग सहा बाँडपटांना जॉन बॅरी यांचे पार्श्वसंगीत होते आणि ब्रास वाद्यांच्या साथीने भारदस्त आवाजात गायलेले गीत ही या मालिकेची ओळख बनली होती. रॉजर मूर बाँडच्या भूमिकेत प्रथमच आले, तेव्हा नायकाबरोबर संगीताची धाटणीही बदलली.

इयन फ्लेमिंग यांची मूळ कादंबरी मॅकार्टनी यांनी एका शनिवारी वाचून काढली आणि दुसऱ्याच दिवशी गाणे रचले, असे त्यांनी सांगितले आहे. ध्वनिमुद्रण ऑक्टोबर १९७२ मध्ये लंडनच्या एअर स्टुडिओत झाले. मॅकार्टनी यांच्या आधीच्या ‘बीटल्स’ या बँडच्या काळापासूनचे त्यांचे सहकारी जॉर्ज मार्टिन यांनी त्याची निर्मिती केली आणि वाद्यवृंदाची रचनाही केली. चित्रपटाचे पार्श्वसंगीत त्यांचेच आहे. मार्टिन यांच्या आठवणीनुसार, पूर्ण झालेले ध्वनिमुद्रण ऐकवल्यावर चित्रपटाचे एक निर्माते हॅरी सॉल्ट्झमन यांनी हा केवळ कच्चा नमुना समजून, प्रत्यक्षात गाणार कोण, अशी विचारणा केली होती. मॅकार्टनी यांचाच आवाज श्रेयनामावलीवर कायम राहिला. चित्रपटातील नाइटक्लबच्या प्रसंगात मात्र हेच गाणे बी. जे. आर्नो या गायिकेच्या आवाजात येते.

गाण्याचे खरे सामर्थ्य त्याच्या बांधणीत आहे. सुरुवातीला फक्त पियानो आणि संथ, काहीसा हळवा आवाज ऐकू येतो. शीर्षकाची ओळ संपते न संपते तोच संपूर्ण वाद्यवृंद तुटून पडतो आणि लय एकदम दुप्पट झाल्यासारखी वाटते. मध्येच एक छोटा तुकडा रेगे या जमैकन संगीताच्या ढंगाने डुलत येतो. तो लिंडा यांनी रचलेला, आणि कथानकाचा बराच भाग कॅरिबियन बेटावर घडत असल्याने तो तिथे शोभतोही. जेमतेम सव्वातीन मिनिटांत इतकी वळणे घेऊनही गाणे कुठे विस्कटत नाही, याचे मोठे श्रेय मार्टिन यांना द्यायला हवे. मुंबईच्या चित्रपटसृष्टीत सेबॅस्टियन डिसूझा, अँथनी गोन्साल्विस यांच्यासारखे अरेंजर (वाद्यवृंदाची रचना करणारे) जे काम करीत, त्याच जातीचे हे काम आहे. फरक इतकाच, की हिंदी चित्रगीतात वाद्यवृंदाचा मोठा तुकडा बहुधा मुखडा आणि अंतरा यांच्या मध्ये येतो, तर इथे त्या तुकड्यातच गाण्याचा कळस आहे. शब्द तिथे थांबतात आणि पुढचे वाद्येच सांगतात.

अमेरिकेतील बिलबोर्डच्या यादीत गाणे दुसऱ्या, तर ब्रिटनमध्ये नवव्या क्रमांकापर्यंत पोहोचले. ऑस्करसाठी त्याला नामांकन मिळाले आणि वाद्यवृंदरचनेसाठी मार्टिन यांना ग्रॅमी पुरस्कार मिळाला.

१९९१ मध्ये ‘गन्स एन’ रोझेस’ या अमेरिकी बँडने ‘यूज युअर इल्यूजन १’ या अल्बमसाठी ते नव्याने गायले. मूळ आराखडा त्यांनी मोडला नाही, पण ॲक्सल रोझ यांचा चिरका आवाज आणि जड गिटार यांमुळे गाण्यातली धग वाढली. उपग्रह वाहिन्या मुंबईत घरोघरी पोहोचू लागल्या त्याच सुमारास हे ध्वनिमुद्रण आले. त्यामुळे दादर-गिरगावपासून ठाण्यापर्यंतच्या त्या पिढीतील अनेक रॉकप्रेमींना हे गाणे आधी या रूपात भेटले आणि बाँडपट नंतर. हा बँड डिसेंबर २०१२ मध्ये वांद्रे-कुर्ला संकुलातील एमएमआरडीए मैदानावर आणि १७ मे २०२५ रोजी महालक्ष्मी रेसकोर्सवर मुंबईकरांसमोर आला. त्यांच्या मैफलींत हे गाणे अनेक वर्षे हमखास असते. मॅकार्टनीही ते मंचावर आतषबाजीसह सादर करतात आणि वाद्यवृंद तुटून पडण्याच्या नेमक्या क्षणी ज्वाळा उसळतात.