धुतल्यावर दिसणारा डाग

सिल्व्हर स्कर्फ हा बटाट्याच्या सालीचा रोग. त्यातला ‘स्कर्फ’ म्हणजे चक्क डोक्यातला कोंडा. रोगाला हे नाव शोभतंही. हेल्मिन्थोस्पोरियम सोलानी ही बुरशी बटाट्याच्या सालीतच मुक्काम करते, आत गरात उतरत नाही. सालीच्या पेशी सुकतात, त्यांत हवा भरते आणि डागाला चंदेरी झाक येते. बटाटा ओला केला की ती आणखी उठते.

१८४९ साली द्युरिय आणि मोंताञ या फ्रेंच अभ्यासकांनी या बुरशीचं वर्णन केलं. मोंताञ मूळचे लष्करी डॉक्टर. चारच वर्षं आधी, १८४५ मध्ये, युरोपभर बटाटा नासवणाऱ्या करप्याच्या कारक जीवाचं नामकरणही त्यांनीच केलं होतं. आयर्लंडमध्ये त्या करप्यापायी माणसं उपाशी मरत होती. सालीवरच्या डागाची काळजी कोणाला असणार? पुढेही बटाटा मातीसकट पोत्यातून विकला जाई, डाग मातीखाली झाकला जाई. युरोप-अमेरिकेतल्या दुकानांत धुतलेला, पारदर्शक पिशवीतला बटाटा आला आणि गिऱ्हाईक साल बघून माल नाकारू लागलं. रोग जुनाच, फक्त आता तो दिसू लागला. शिवाय डागाळलेल्या सालीतून पाणी उडून जातं, बटाटा सुरकुततो आणि वजन घटतं. ते नुकसान मात्र नुसतं दिसण्याचं नाही.

१९७० च्या दशकात थायाबेंडाझोल हे बुरशीनाशक हाताशी आलं. १९८० चं दशक सरता सरता त्याला न जुमानणाऱ्या बुरशीच्या नोंदी होऊ लागल्या. बियाण्यावरून शेतात आणि गोदामातल्या दमट हवेत बीजाणू उडून ढिगात, असा या बुरशीचा प्रवास. तो एका औषधाने थांबणारा नव्हता.

ओळखण्यातली खरी गोची ‘ब्लॅक डॉट’ने केली. कोलेटोट्रायकम कोकोडेस या दुसऱ्याच बुरशीचे डागही असेच चंदेरी-करडे असतात, आणि पुष्कळदा दोन्ही एकाच बटाट्यावर सापडतात. स्कॉटलंडमधल्या संशोधकांनी २००१ मध्ये सिल्व्हर स्कर्फसाठी पीसीआर, म्हणजे बुरशीचा डीएनए ओळखणारी, चाचणी दिली, ती मातीतली बुरशीही हुडकते. तरी साधा उपाय जुनाच आहे. संशयित बटाटे धुऊन ओलसर डब्यात काही दिवस ठेवायचे आणि भिंगाखाली बघायचं. डागाच्या कडेला काजळीसारखे बारीक उभे दांडे, त्यांना नाताळच्या झाडासारखे फुटलेले बीजाणू दिसले तर सिल्व्हर स्कर्फ. सालीत रुतलेले काळे ठिपके, त्यांवर ताठ केस दिसले तर ब्लॅक डॉट.