बुद्धिमत्ता आणि धर्मश्रद्धा

तर्कात मुरलेली माणसे ईश्वर, परलोक किंवा प्रार्थनेचे सामर्थ्य कशी मानतात, हा मानसशास्त्र आणि धर्माचे तत्त्वज्ञान या दोहोंतला जुना प्रश्न. बुद्धी वाढली की श्रद्धा आपोआप गळून पडते, हे त्यामागचे गृहीतक. पडताळून पाहिले तर ते अर्धेमुर्धेच टिकते.

मानसशास्त्रज्ञ मिरॉन झुकरमन आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये ६३ अभ्यास एकत्र करून बुद्धिमापनाचे गुण व धार्मिकता यांची सांगड तपासली. सहसंबंध ऋण निघाला, म्हणजे गुण जास्त तिथे धार्मिकता सरासरीने कमी; पण गुणांक उणे ०.२४ च्या आसपासच होता. म्हणजे माणसामाणसांतल्या धार्मिकतेच्या फरकापैकी जेमतेम ६ टक्के भाग बुद्धिमत्तेशी जोडता येतो. शिवाय हे अभ्यास मुख्यतः पाश्चात्त्य देशांतले. मानसशास्त्रज्ञ जेम्स ल्यूबा यांनी १९१४ मध्ये अमेरिकी शास्त्रज्ञांची पाहणी केली, तेव्हा सुमारे ४० टक्के जणांनी प्रार्थना ऐकणारा ईश्वर मान्य केला होता. १९९६ मध्ये तेच प्रश्न पुन्हा विचारले गेले, तेव्हाही प्रमाण जवळपास तेवढेच भरले. अमेरिकेतील निवडक, अग्रगण्य शास्त्रज्ञांच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या सदस्यांत मात्र, १९९८ च्या अहवालानुसार, ते ७ टक्क्यांवर होते.

तल्लख माणसाला आपल्या आधीच्या मतांचे समर्थन अधिक सफाईने करता येते, असे एक स्पष्टीकरण दिले जाते. त्यात तथ्य आहे, पण ते अपुरे आहे. श्रद्धा बहुधा युक्तिवादातून जन्मतच नाही. घरचे संस्कार, आपल्या माणसांची सोबत, मृत्यूची जाणीव आणि स्वतःला आलेला अनुभव यांतून ती रुजते. फ्रेंच गणितज्ञ ब्लेझ पास्काल यांनी १६५४ च्या उन्हाळ्यात पिएर द फर्मा या गणितज्ञाशी पत्रव्यवहार करून संभाव्यताशास्त्राचा पाया घातला. त्याच वर्षी २३ नोव्हेंबरच्या रात्री त्यांना तीव्र धार्मिक अनुभूती आली. हा ईश्वर तत्त्वज्ञांचा व पंडितांचा नव्हे, असे त्यांनी लिहून ठेवले आणि तो लेख अंगरख्याच्या अस्तरात शिवून घेतला. तो सापडला त्यांच्या मृत्यूनंतर. गणिती पास्काल आणि श्रद्धाळू पास्काल अशी फाळणी करण्याचा मोह होतो, पण ती त्यांच्यावर अन्याय करणारी आहे: बुद्धी कोठे थांबते हेही त्यांनी बुद्धीनेच ठरवले.

विद्युतचुंबकत्वावरील संशोधनासाठी प्रसिद्ध शास्त्रज्ञ मायकेल फॅराडे यांनी वाट वेगळी निवडली. सँडेमनियन या छोट्या ख्रिस्ती पंथाचे ते निष्ठावंत सदस्य आणि काही काळ त्याच्या मंडळीचे ‘एल्डर’ म्हणजे धुरीणही होते. धार्मिक विश्वास व व्यवहारातला विश्वास यांत पूर्ण भेद आहे, असे त्यांनी १८५४ मधील व्याख्यानात उघडपणे सांगितले.

बेल्जियमचे कॅथलिक धर्मगुरू आणि खगोलशास्त्रज्ञ झॉर्ज लेमेत्र यांनी १९२७ मध्ये विश्व प्रसरण पावत असल्याचे मांडले. पोप पायस बारावे यांनी १९५१ मध्ये विश्वोत्पत्तीच्या नव्या विज्ञानाचा सृष्टिनिर्मितीच्या श्रद्धेशी मेळ घातला, तेव्हा लेमेत्र यांना ते रुचले नाही. आपला सिद्धांत धार्मिक प्रश्नांच्या कक्षेबाहेरचा आहे, आस्तिकाने किंवा नास्तिकाने त्याचा आधार घेऊ नये, अशी त्यांची भूमिका होती.