बर्लिन परिषद (१८८४–८५)

काँगो व नायजर या नद्यांवरील व्यापार आणि आफ्रिकेच्या किनाऱ्यावरील नव्या वसाहतींची मान्यता यांचे नियम ठरवण्यासाठी झालेली आंतरराष्ट्रीय परिषद. जर्मनीचा चॅन्सेलर ऑटो फॉन बिस्मार्क याच्या बर्लिनमधील निवासस्थानी ती १५ नोव्हेंबर १८८४ रोजी सुरू झाली आणि २६ फेब्रुवारी १८८५ रोजी ३८ कलमांच्या करारावर सह्या होऊन संपली. अमेरिका व ऑटोमन साम्राज्य धरून १४ राष्ट्रांना निमंत्रण होते. आफ्रिकेतल्या एकाही राज्याला नव्हते. झांझिबारच्या सुलतानाने प्रतिनिधी पाठवण्याची परवानगी मागितली, तीही मिळाली नाही.

तंटा काँगोच्या मुखावरून पेटला. बेल्जियमचा राजा दुसरा लिओपोल्ड याने शोधप्रवासी हेन्री स्टॅन्लीला हाताशी धरून तेथील टोळीप्रमुखांकडून करारनामे लिहून घेतले होते. उत्तर तीरावर फ्रान्सच्या वतीने द ब्राझा हा शोधप्रवासी तेच करीत होता. पोर्तुगाल मात्र १५ व्या शतकात आपल्या दर्यावर्दींनी हे मुख शोधल्याचा दाखला देत होता. फेब्रुवारी १८८४ मध्ये ब्रिटनने पोर्तुगालचा हक्क मान्य केला, तेव्हा फ्रान्स व जर्मनी बिथरले आणि तो तह बारगळला.

परिषदेत आफ्रिकेची वाटणी झाली, असे पाठ्यपुस्तकांपासून भाषणांपर्यंत सर्वत्र सांगितले जाते. ‘आफ्रिका’ असे लिहिलेला केक बिस्मार्क कापतो आहे, हे त्या काळचे फ्रेंच व्यंगचित्र या समजाला चांगलेच उपयोगी पडले. करारात मात्र तशी वाटणी नाही. ३४ व ३५ ही कलमे एवढेच सांगतात, की किनाऱ्यावर नवा प्रदेश घेणाऱ्याने इतर सत्तांना कळवावे आणि तेथे प्रत्यक्ष अंमल बसवावा. अंतर्भागाला हा नियम लागूही नव्हता. तरीही नुसत्या दाव्याला किंमत उरणार नाही, हे सर्वांच्या ध्यानात आले आणि पुढे जो तो घाई करू लागला. स्थानिक लोकांच्या ‘नैतिक व भौतिक कल्याणा’ची हमी देणारे सहावे कलमही त्याच करारात आहे, ते बहुतांशी कागदावरच राहिले.

खरा फायदा झाला तो परिषदेला न आलेल्या लिओपोल्डचा. त्याच्या खाजगी संस्थेला एकेका राष्ट्राने स्वतंत्र करार करून मान्यता दिली आणि बेल्जियमच्या सुमारे ७५ पट मोठा प्रदेश ‘काँगो स्वतंत्र राज्य’ या नावाने एका माणसाच्या हाती गेला. खुल्या व्यापाराचे वचन देऊनच त्याने तो मिळवला होता. प्रत्यक्षात रानातले रबर ही सरकारची व मक्तेदार कंपन्यांची मालमत्ता ठरली. गावांवर रबराचा ठराविक भरणा लादला जाई. तो कमी पडला, की बायकांना ओलीस धरत. सैनिकांना प्रत्येक काडतुसाचा हिशेब द्यावा लागे आणि गोळी वाया गेली नाही याचा पुरावा म्हणून मेलेल्याचा तोडलेला हात दाखवावा लागे. त्यामुळे जिवंत माणसांचेही हात तोडले गेले. या अत्याचारांवरचा ब्रिटिश वाणिज्यदूत (कॉन्सल) रॉजर केसमेंट याचा अहवाल १९०४ मध्ये प्रसिद्ध झाला. एडमंड मोरेल याने या राजवटीविरुद्ध चालवलेल्या चळवळीचा दबाव वाढत गेला आणि १९०८ मध्ये बेल्जियमने हा प्रदेश राजाकडून आपल्या ताब्यात घेतला. लिओपोल्डने काँगोत कधी पाऊलही ठेवले नव्हते.

सीमारेषा आखल्या गेल्या त्या नंतरच्या द्विपक्षीय तहांतून. १८९० च्या ब्रिटिश-जर्मन तहाने जर्मन नैर्ऋत्य आफ्रिकेला झांबेझी नदीपर्यंत पोहोचणारी सुमारे ४५० किमी. लांबीची चिंचोळी पट्टी मिळाली. नदीमार्गे हिंदी महासागर गाठण्याचा जर्मनांचा बेत होता. वाटेत व्हिक्टोरिया धबधबा आहे, हा तपशील त्या बेताच्या आड आला. कॅप्रिव्ही पट्टी म्हणून ओळखला जाणारा तो भाग आज नामिबियात आहे.

१९१४ पर्यंत इथिओपिया व लायबेरिया वगळता जवळजवळ सारे खंड यूरोपीय अंमलाखाली गेले होते. स्वातंत्र्यानंतर आफ्रिकी ऐक्य संघटनेने १९६४ च्या कैरो बैठकीत वसाहतकालीन सीमा आहेत तशाच पाळण्याचा ठराव केला. मोरोक्को व सोमालिया यांनी तो मानला नाही.